फिकट रंगाची बोटं

आमच्या वन्सं गेल्या तेव्हा पेपरात छोटीशी बातमी आली होती. त्यात लिहिलं होतं, 'मनमिळाऊ स्वभावाच्या'. मी वाचून मोठ्यांदा हसले आणि मग तिथेच बसून रडले. मनमिळाऊ म्हणे! नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने वन्संच्या टेबलावरचा ब्रश एकदा न विचारता उचलून बघायला हवा होता.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून वयाने जरा मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला 'वहिनी, तू' म्हणायच्या. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "मला गप्प बसणारीच माणसं आवडतात, आणि ती सगळी दगडात आहेत." शहरातल्या संग्रहालयात मागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. पुढे लोक तिकीट काढून जीवाश्म बघायचे. मागे वन्सं ते दगडातून सोडवायच्या, तुटलेलं चिकटवायच्या आणि जो तुकडा सापडलाच नाही तो प्लास्टरचा करून बसवायच्या.

ती खोली मला अजून दिसते. एक उंच खिडकी, खाली लांबलचक टेबल, भिंगाचा दिवा, वाळूच्या पिशव्यांवर झोपवलेली हाडं, दाताच्या डॉक्टरने टाकून दिलेली हत्यारं एका मगात उभी केलेली, रबराच्या वाडग्यात घट्ट होत चाललेलं प्लास्टर. मी डबा पोचवायला जायची आणि बसूनच राहायची. वन्संच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची. "म्हाताऱ्या झालात हो," मी म्हणायची, की त्या तोंडावरची धूळ झटकून नेमकी माझ्या अंगावर उडवायच्या. काय सुंदर दिवस होते ते! मला तेव्हा वाटायचं हे असंच चालू राहणार.

घरी आमचा धंदा वेगळा होता. सासूबाई रफू करायच्या. शहरातले भले भले शिंपी कोट आणि शाली त्यांच्याकडे पाठवायचे. मी लग्न होऊन आले आणि त्यांच्या हाताखाली बसले. त्यांचा एकच कायदा, जोड दिसला तर काम फुकट. गिऱ्हाइकाने कापड उजेडात धरावं, उलटं करावं, आणि भोक कुठे होतं ते त्याला सापडू नये. माझं काम त्या बोटाने चाचपायच्या आणि जराशी खडबड लागली की सगळं उसवायला लावायच्या. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलंय ते इथे नको.

वन्संच्या खोलीतला कायदा नेमका उलटा. प्लास्टरचा तुकडा हाडापेक्षा एक छटा फिकट रंगवायचा. लांबून प्राणी सलग दिसावा, पण जवळ आलं की खरं किती आणि भर किती हे शेंबड्या पोरालाही कळावं. "हाड हे सापडलेलं," वन्सं सांगायच्या, "आणि प्लास्टर हा आपला अंदाज. दोन्ही एका रंगात रंगवले तर बघणारा फसेल ना." सासूबाईंना हे जन्मात पटलं नाही. "म्हणजे येत असून मुद्दाम वाईट करायचं?" त्या विचारायच्या. मग मायलेकींची जुंपायची, आणि मी मधे सुईत दोरा ओवत खाली मान घालून बसायची.

अशात तो प्राणी आला. खाणीत सापडलेला, दगडाच्या मोठमोठ्या ढेपांमधून आलेला. चार पायांचा देवमासा! मला आधी थट्टाच वाटली. पण वन्संनी मला भिंगाखाली त्याच्या कवटीतलं कानाचं हाड दाखवलं. असलं जाड, वळलेलं हाड देवमाशांच्या कुळातच असतं, म्हणाल्या. मग मागच्या पायाचा घोटा दाखवला, वर खाली कप्पीसारखी खोबण असलेला, आणि शेजारी बकरीचा घोटा ठेवला. लहानमोठं सोडलं तर दोन्हींची घडण एकच.

"कान देवमाशाचा, घोटा जमिनीवर पळणाऱ्याचा, आणि दोन्ही एकाच्याच अंगात," वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. "देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे होते, आणि पाण्यात जाताना मधे काय काय झालं असेल, ते हा सांगतोय."

"म्हणजे हा देवमाशाचा पणजोबा?"

"पणजोबाचा चुलतभाऊही असेल. सरळ कोण आणि चुलत कोण ते हाडावर लिहिलेलं नसतं, वहिनी."

त्याच्या मागच्या पायांची बोटं मात्र सापडली नव्हती. संग्रहालयाच्या तेव्हाच्या संचालकांनी, म्हणजे जुन्या साहेबांनी, त्याच्या जवळच्या प्राण्यांवरून अंदाज बांधला आणि वन्संनी ती प्लास्टरची केली. अहाहा, काय केली होती! पेरं, सांधे, झिजलेली टोकं, सगळं जिथल्या तिथे. रंग नियमाप्रमाणे फिकट.

प्राणी दालनात उभा राहिला तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच लेकीचं काम बघायला आल्या. आख्ख्या सांगाड्याभोवती फिरल्या. वन्सं मागे मागे. शेवटी सासूबाई बोटांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ठिगळ दिसतंय गं." बस, एवढंच. वन्संचं तोंड एवढंसं झालं. 

नंतर त्यांनी काय केलं, ते फक्त मला माहीत होतं. ती बोटं त्यांनी पुन्हा रंगवली. हाडाचा तो काळपट तपकिरी रंग, त्यातल्या बारीक शिरा, दगडाचा उतरलेला लालसरपणा, सगळं. आणि सासूबाईंना परत घेऊन गेल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, वाकल्या, बराच वेळ शोधलं. जोड काही सापडला नाही. तेव्हा वळून म्हणाल्या, "आता माझी लेक शोभतेस." सासूबाईंच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. वन्संचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते. मीही तिथेच होते आणि मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे सासूबाई गेल्या. जुने साहेब निवृत्त झाले. प्राण्यापुढच्या पाटीवर 'बोटे प्लास्टरची' अशी बारीक ओळ होती. पाट्या नव्या केल्या तेव्हा ती गळली. वन्संनी ते बघितलं होतं. "करते एकदा फिकट," त्या म्हणायच्या. मी कधी टोकलं की वसकन अंगावर यायच्या, "करीन म्हटलं ना!" पण त्यांचा हात काही होईना. त्या रंगावर आईने शाबासकी दिली होती, आणि आई पुन्हा येणार नव्हती.

मग एका वर्षी शाळेच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा ठेवायचा की काढायचा यावरून शहरात रण माजलं. न्हाव्याच्या दुकानात तेच, भाजी घेताना तेच. शेवटी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर वादसभा ठरली. धडा हवा म्हणणाऱ्यांकडून संग्रहालयाचे नवे संचालक, आणि नको म्हणणाऱ्यांकडून एक निवृत्त वकील. संग्रहालयाचा तो प्राणी म्हणजे संचालकांचा हुकमी एक्का होता. वन्सं आणि मी चौथ्या रांगेत बसलो होतो. 'आमचे हे' मागे पंख्याखाली जागा धरून.

वकील काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. मऊ आवाज, स्वच्छ भाषा, कोणाचा अपमान नाही. पण हुशार! म्हणाला, "हे म्हणतात मधला दुवा सापडला. छान. मग आता त्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन दुवे हवेत. दुवा सापडला की एका फटीच्या दोन फटी होतात. असं हे शास्त्र!" सभागृह खदखदून हसलं.

मला राहवेना. मी वन्संच्या कानात म्हटलं, "अहो, रफू करताना भोकात एक धागा ओढला की एका भोकाची दोन होतातच की! म्हणून काय कापड आणखी फाटलं म्हणायचं?" त्यांनी मला चिमटा काढला, पण हसल्या. ते त्यांचं त्या संध्याकाळचं शेवटचं हसू.

कारण वकिलाने पुढे विचारलं, "तुमच्या त्या प्राण्याचे पाय खरे आहेत का? की कोणी बसून घडवलेत?"

संचालक उठले. तरुण, सरळ, कामाचा माणूस. त्यांनी स्वतः त्या सांगाड्यापाशी तासन् तास घालवले होते. छाती ठोकून म्हणाले, "मांडीपासून बोटांच्या टोकापर्यंत, मागचे पाय जसे खडकातून निघाले तसे तुमच्यासमोर उभे आहेत. या आणि तपासा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शेजारी बघितलं. वन्संच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. मी त्यांचा हात दाबून धरला आणि हळूच म्हटलं, "गप्प बसा हं. पाया पडते, गप्प बसा." मला सगळं दिसत होतं. धड्याचं काय होईल, संचालकांचं काय होईल, वन्संच्या नोकरीचं काय होईल. आणि कोणालाच कळणार नव्हतं हो! असा तो रंग होता.

वन्संनी माझा हात सोडवला आणि उभ्या राहिल्या.

"साहेब, बोटं खरी नाहीत," त्या म्हणाल्या. "ती मी केलीत. घोट्यापर्यंत खरं आहे. पुढचं प्लास्टर आहे. ते फिकट असायला हवं होतं. मी ते हाडासारखं रंगवलं, कारण मला ते सुंदर दिसायला हवं होतं. तुम्हाला कळलं नाही यात तुमचा दोष नाही."

 मग जो गदारोळ उठला! शिट्ट्या, बाकं वाजवणं, "प्लास्टरचा देवमासा" म्हणून ओरडा. संचालक पुतळ्यासारखे उभे. वकीलसुद्धा क्षणभर गोंधळला, मग हात जोडून म्हणाला, "बाईंनी माझं काम सोपं केलं." सभा तिथेच मोडली.

घरी आल्यावर आमचे हे आणि मी, दोघांनी वन्संना धारेवर धरलं. "कोणी विचारलं होतं तुला?" हे ओरडले. माझा तर तोंडाचा पट्टा सुरूच होता. वन्सं खुर्चीत बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, घोटा खरा आहे. तो त्या दगडातून मी स्वतः सोडवलाय. पण उद्या कोणी बोटं खरवडून बघितली असती, तर त्या घोट्यावर कोणी विश्वास ठेवला असता का? मग मी कोणाला काय सांगणार होते?" आणि ढसाढसा रडल्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघत होते. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. संचालकांनी वन्संना बोलावलं. मी सोबत गेले, म्हटलं भांडायची वेळ आली तर एक माणूस हवं. पण ते भांडले नाहीत. म्हणाले, "जुने कागद न बघता मी बोललो. तुमच्याइतकीच माझी चूक." मग म्हणाले, "बोटं फिकट करा. पण मागच्या खोलीत नाही. दालनात, लोकांसमोर."

ते बघायला ही गर्दी! कुचेष्टा करायला आलेलेच जास्त. वन्सं जमिनीवर मांडी घालून बसल्या, बाजूला रंगाची वाटी. ब्रश बुडवला आणि हात हवेतच राहिला. लोकांना वाटलं लाज वाटतेय बाईला. मला माहीत होतं काय होतंय ते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "वन्सं, सासूबाईंनी जोड शोधला आणि त्यांना सापडला नाही. ते घडलं ते घडलं. रंग पुसल्याने ते पुसत नाही." त्यांनी मान हलवली आणि पहिलं बोट फिकट केलं. मग दुसरं. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं आणि हात मात्र जराही हलत नव्हता.

वकीलही आला होता. सगळे पांगल्यावर पुढे झाला. "घोटा खरा म्हणालात," तो म्हणाला. वन्संनी त्याच्या हातात भिंग दिलं. गडी गुडघे टेकून बसला आणि बघत राहिला. उठताना म्हणाला, "मला पटलेलं नाही." वन्सं म्हणाल्या, "मग पुन्हा या." आणि तो खरंच येऊ लागला! दर थोड्या दिवसांनी नवी शंका घेऊन यायचा, दोघं त्या लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून तावातावाने भांडायचे. "सोयरीक जुळवू का?" मी विचारलं तर वन्संनी मला प्लास्टरचा गोळा फेकून मारला. धडा पुस्तकात राहिला. समितीत काय शिजलं ते देव जाणे, श्रेय मी कोणालाच देणार नाही. वकिलाला शेवटपर्यंत अर्धंच पटलं. पण शहरात कोणी "सगळं प्लास्टर आहे" म्हणालं की तोच म्हणायचा, "नाही हो, फक्त फिकट आहे तेवढं."

वर्षं गेली. आमचे हे गेले. वन्सं निवृत्त झाल्या, डोळे अधू झाले, आम्ही दोघीच घरात. मी रफू करायची आणि त्या शेजारी बसून चुका काढायच्या, अगदी सासूबाईंसारख्या. एका सकाळी संचालकांचा फोन आला. त्याच खाणीत तसलाच दुसरा प्राणी सापडला होता, आणि त्याच्या मागच्या पायाला बोटं होती.

आम्ही गेलो. वकील काठी टेकत आधीच हजर. टेबलावर वाळूच्या पिशवीवर ती खरी बोटं ठेवली होती. शेजारी वन्संनी केलेली, सांगाड्यावरून उतरवून आणलेली.  खरी बोटं लांबच लांब होती, बारीक, वल्ह्यासारख्या पायाची. वन्संची आखूड आणि जाड, जमिनीवर रोवून चालणाऱ्याची. मला इतका संताप आला! म्हातारीला मुद्दाम बोलावलं ते काय हे दाखवायला? मी संचालकांना काहीबाही बोलणारच होते.

वन्सं खऱ्या बोटांवरून हात फिरवत होत्या. एकेक पेर, एकेक सांधा. मग आपल्या बोटांवरून. मग परत खऱ्या. आणि हसायला लागल्या.

"चुकलं की गं, वहिनी! साफ चुकलं! हा चालण्यापेक्षा पोहायचाच जास्त. बघ, बघ तरी." माझा हात ओढून त्यांनी त्या हाडावर ठेवला. लहान मुलीसारखा आनंद झाला होता त्यांना. संचालकांनी विचारलं, "तुमची बोटं घरी नेता का? आठवण म्हणून." तर एकदम जुन्या वन्सं जाग्या झाल्या. "घरी कशाला? शेजारी पेटीत ठेवा आणि लिहा, आधी आम्हाला असं वाटलं होतं. लोकांना कळू दे."

वकिलाने संधी सोडली नाही. म्हणाला, "म्हणजे बाई, आज जे बसवताय तेही उद्या चुकीचं निघेल?"

"काही ना काही निघेलच," वन्सं म्हणाल्या. हात अजून त्या हाडावरच होता. "तेव्हा मी नसेन, एवढंच वाईट वाटतं."

त्यानंतर दोन हिवाळे त्या होत्या.

परवा मी एकटीच संग्रहालयात गेले होते. दालनात दोरी बांधलेली. एक तरुण मुलगी त्या प्राण्याची शेपटी सोडवत होती. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "आजी, नवे मणके मिळालेत. शेपूट आपण समजत होतो त्याहून बरंच लांब होतं." आणि मी सवयीने वळले, सांगायला. शेजारी कोणी नव्हतं. तरी मी बोललेच, त्या मुलीच्या देखत, मोठ्यांदा.

"अहो वन्सं, शेपूट पण चुकलं होतं."